माझ्या नंबरावरची माणसं

केंद्रात माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. त्यावर एक हसरी बाई ओठांवर बोट ठेवून उभी होती आणि तिच्या पायाशी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपला ओटीपी कोणालाही सांगू नका.’ त्या पोस्टरखाली बसून मी अकरा वर्षं दिवसातून पंधरा-वीस वेळा लोकांना त्यांचे ओटीपी मोठ्याने वाचून दाखवले. मोठ्याने अशासाठी, की निम्म्यांना कमी ऐकू यायचं.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा हलकंफुलकं.’ मी विचारलं, ‘हलकंफुलकं लिहू की खरं लिहू?’ ते म्हणाले, ‘शक्यतो दोन्ही.’ तेव्हा पुढे जिथे हलकं वाटणार नाही, तिथे दोष माझा.

आमचं केंद्र सदाशिव पेठेत होतं, पूर्वी शिंप्याचं दुकान होतं त्या दोन खोल्यांत. सरकारी योजना, चालवायला एक संस्था, आणि संस्थेच्या वतीने मी. योजनेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण माझ्या काळात ते चार वेळा बदललं. पद्धत एकच होती. नावाच्या पुढे ‘डिजिटल’ आणि मागे एखादं नातं, सखी, साथी, सोबती. दरवेळी भिंतीवरचा फलक बदलायचा. आतला संगणक तोच आणि मीही तीच.

काम समजायला सोपं आहे. ज्यांना संगणक येत नाही त्यांना तो शिकवायचा, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात लोक शिकायला येत नसत, काम करून घ्यायला येत. दाखले, शिष्यवृत्ती, पेन्शन, रेशन, परीक्षा, सगळे फॉर्म ऑनलाइन झाले होते. पूर्वी खिडकीपलीकडचा कारकून ‘उद्या या’ म्हणायचा. आता तेच पडदा इंग्रजीत म्हणतो. त्याचं मराठी करून सांगणं म्हणजे आमचं काम.

आता सदाशिव पेठेतली माणसं. त्यांना येत नव्हतं असं म्हणण्याची सोय नव्हती; त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या पहिल्या ग्राहक लिमयेकाकू. त्यांचा पेन्शनचा फॉर्म मी भरला, बटण दाबलं.

‘झालं काकू, फॉर्म गेला.’

‘कुठे गेला?’

‘वर. सर्व्हरवर.’

‘तिथे घेतला कुणी?’

‘कुणी घेत नाही, काकू. आपोआप पोचतो.’

‘आपोआप पोचतो म्हणता, म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही.’

मी छापील प्रत हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘शिक्का?’ ऑनलाइन गोष्टीला शिक्का नसतो, हे मी तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी बुधवार पेठेत गेले आणि रबरी शिक्का करून आणला, ‘ऑनलाइन सादर केले’. जांभळी शाई, खाली सहीसाठी रेघ. त्याला कायद्याने काडीचीही किंमत नव्हती. पण काकूंचा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांनी एका कचेरीतून एका गृहस्थांची प्रत परत आली, कारण काय, तर ‘केंद्राचा शिक्का दिसत नाही’. तेव्हापासून तो शिक्का मी कुलपात ठेवायला लागले.

दुसरे एक निवृत्त गृहस्थ दर भेटीला पासवर्ड नवीन करून घेत. कारण विचारलं तर म्हणाले, ‘एकदा वापरला की तो उष्टा झाला.’ या दोघांच्या मानाने मला पर्वतीच्या पायथ्याकडून येणाऱ्या बायका फार आवडत. त्या पडद्याशी वाद घालत नसत. पण त्यांच्याकडे एक गोष्ट नसायची, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

योजनेत प्रत्येक माणसाचं एक ‘नागरिक खातं’ उघडायचं होतं. कुठलाही फॉर्म भरायचा तो त्या खात्यातून. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मोबाइल क्रमांक. या शेवटच्या रकान्यापुढे लाल चांदणी. म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. आता धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या कित्येक बायकांकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. घरात असलाच तर नवऱ्याचा, आणि नवरा कधी कुठे असेल त्याचा नेम नाही.

मी प्रकल्पप्रमुखांना विचारलं. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सर म्हणाले, ‘मॅडम, रकाना रिकामा राहता कामा नये. कसा भरायचा ते तुम्ही बघा.’

मी बघितलं. मी माझा नंबर टाकला.

पहिल्यांदा टाकला तेव्हा तात्पुरता म्हणून टाकला. दुसऱ्यांदा दयेने. दहाव्या वेळी माझं बोट विचार न करता तेच दहा आकडे दाबत होतं. असं करणारी मी एकटी नव्हे. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, आधी कानांवर हात ठेवतील आणि चहा पाजलात तर हळूच आकडा सांगतील. माझा आकडा त्रेसष्ट. त्रेसष्ट माणसं सरकारदरबारी माझ्या फोनवर राहत होती.

वर्षअखेरीला सरांनी अहवाल पाठवला की, आमच्या केंद्राच्या क्षेत्रात शंभर टक्के नोंदणीधारक मोबाइलने जोडले गेले आहेत. हे खोटं नव्हतं. जोडले गेले होतेच, फक्त सगळे एकाच मोबाइलने.

मग माझा फोन वाजायला लागला. ‘नमस्कार’ नाही, ‘कशा आहात’ नाही. पलीकडून एकच प्रश्न, ‘ताई, आला का?’ कुणाचा रेशनचा, कुणाचा गॅसचा, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हातात अक्षता घेऊन मी सहा आकडे कुजबुजले आहेत. दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना फोन आला, तर डॉक्टरांनीच ओटीपी वाचून दाखवला. पलीकडून चौकशी झाली, ‘तुम्ही कोण?’ डॉक्टर म्हणाले, ‘मी दाढ काढतोय.’ आमचे हे तर म्हणायला लागले, ‘तू गेलीस तर अर्धी पर्वती उपाशी राहील.’ ते चेष्टेने म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

त्या त्रेसष्टांत एक लता वाघमारे होती. सदाशिव पेठेतल्याच एका मुलींच्या वसतिगृहात ती सकाळी सहापासून पोळ्या लाटायची, रोजंदारीवर. पोरवयात लग्न झालं म्हणून शाळा आठवीत सुटलेली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची मुख्य बाई दोन वर्षांनी निवृत्त होणार होती आणि त्या जागेवर कायम नेमणूक मिळणार होती. अटी दोन, दहावी पास आणि वय पंचेचाळीसच्या आत. लता तेव्हा त्रेचाळीस पूर्ण झालेली. बाहेरून दहावीला बसायचं तिने ठरवलं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी वर्ग चालायचा, तिथे ती एकही खाडा न करता जायची. तिच्या शेजारच्या बाकावर तिच्या मुलाच्या वयाची पोरं. ती म्हणायची, ‘पोरं मला मावशी म्हणतात आणि माझंच गणित बघून लिहितात.’

संगणकही ती आमच्याकडे खरोखर शिकली. शिकायला आलेली आणि शिकून गेलेली अशी माणसं मला बोटांवर मोजता येतील, त्यात ती पहिली. दहावीचं ठरवण्याच्या कितीतरी आधी तिने स्वतःचा फोनही घेतला होता. घेतला त्या दिवशी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, ‘ताई, आता माझ्या खात्यावर माझा नंबर टाका.’

नंबर बदलणं अवघड नव्हतं. दोन्ही फोन समोर हवेत, आधी जुन्या नंबरावर ओटीपी, मग नव्यावर. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, ‘आज गर्दी आहे गं, पुढच्या आठवड्यात करू.’ पुढच्या आठवड्यात संगणक बंद होता. मग दिवाळी आली. मग ती विचारायची तेव्हा मी म्हणायचे, ‘राहू दे ना, मी आहे की.’ तीन वर्षं मी होते.

आता परिषदेकडे येते.

शहराबाहेर, हायवेच्या पलीकडच्या एका मोठ्या हॉटेलात जागतिक डिजिटल दरी या विषयावर तीन दिवसांची परिषद भरली. देशोदेशीचे लोक आले होते. शंभर टक्क्यांच्या त्या अहवालामुळे आमच्या केंद्राला बोलावणं आलं. सर एकदम उंच दिसायला लागले. मला सत्काराला यायचं होतं आणि सोबत एक ‘लाभार्थी’ आणायचा होता, मंचावर बसवायला. मी लताचं नाव दिलं. मला वाटलं, हिच्याइतकं नीट कोण बोलेल.

पुस्तिकेसाठी आधी फोटोग्राफर आला. लताने हात स्वच्छ धुतले, पुसले, टॅबलेट हातात घेतला. तो म्हणाला, ‘ताई, हाताला जरा पीठ लावून घ्या ना, फोटो जिवंत येईल.’

लता म्हणाली, ‘पिठाच्या हातानं धरत नाही मी. खराब होतं.’

‘फोटोपुरतं.’

‘फोटोपुरतं तुमच्या कॅमेऱ्याला लावा.’

शेवटी फोटो स्वच्छ हातांचाच छापला गेला.

परिषदेचा तो दिवस आणि दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख एकच आली. याला लताचा आळस कारण नव्हता. शाळा सोडल्याचा दाखला तिच्या गावाकडच्या शाळेतून आदल्या दिवशी हातात पडला होता. तिसऱ्या खेपेला. आम्ही बेत केला. लताचं सत्र सकाळी अकराला होतं, एकला ती मोकळी. केंद्रात माझी सहकारी नीलिमा तोवर फॉर्म पूर्ण भरून बसेल. आम्ही हॉटेलाबाहेर पडून तिला फोन करू, ती बटण दाबेल, माझ्या फोनवर ओटीपी येईल, मी वाचून दाखवेन. पोर्टल पाचला बंद होणार होतं. चार तास हाताशी होते, त्यामुळे आम्ही निवांत होतो.

हॉटेलात गेल्यावर कळलं की उद्घाटनाला मंत्री येणार आहेत, म्हणून सुरक्षेसाठी सगळ्यांचे फोन खाली टेबलावर जमा. फोन कापडी पिशवीत, पिशवीला बिल्ला, बिल्ल्याचा जोड आपल्या हातात. जगातली डिजिटल दरी मिटवायला जमलेली चारशे माणसं आपापला फोन खाली ठेवून जिन्याने वर गेली. वर फुकट वायफायची पाटी होती. पासवर्ड आपल्या मोबाइलवर पाठवला आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

मंत्री दहाला यायचे ते अडीचला आले. त्यामुळे लताचं सत्र चारवर गेलं. मध्ये जेवण झालं. जेवणात पोळ्या होत्या. लताने एक उचलून पाहिली आणि परत ठेवली.

वाद मात्र मन लावून चालू होता. एक पक्ष म्हणत होता की, आकाशात उपग्रह सोडले की दरी मिटेल. दुसरा म्हणत होता, आधी स्वस्त फोन हवेत. तिसऱ्याचं म्हणणं, माणसाला नुसतं जोडून भागत नाही, जोडणी अर्थपूर्ण हवी. मग अर्थपूर्ण म्हणजे काय यावर चहाच्या सुट्टीपर्यंत चर्चा झाली आणि त्यासाठी उपसमिती नेमण्याचं ठरलं. हे सगळं इंग्रजीत होतं. लता माझ्या शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साडेतीनला मी खाली गेले. टेबलामागच्या रक्षकाला म्हटलं, ‘दोन मिनिटं फोन द्या, एक निरोप द्यायचाय.’ तो म्हणाला, ‘मॅडम, फोन घेतला की बाहेर. परत आत सोडता येणार नाही.’ मी वर आले. इथे कुणी विचारेल, का वर आलीस? ते सांगणार आहे.

चारला लता मंचावर गेली. निळी साडी नेसली होती, विहारातल्या कार्यक्रमाची. शेजारी एक उंच परदेशी बाई, दोन प्राध्यापक आणि कानाला यंत्र लावलेली दुभाषी मुलगी. प्राध्यापक वीस वीस मिनिटं बोलले. साडेचार वाजून गेले. मग सूत्रधाराने लताकडे वळून एक लांबलचक प्रश्न विचारला. दुभाष्या मुलीने त्याचं चार शब्दांत मराठी केलं, ‘लताताई, आज तुम्हाला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?’

लताने घड्याळ पाहिलं. ‘फोनची,’ ती म्हणाली. ‘ताईंच्या फोनची. खाली टेबलावर जमा केलाय, पिशवीत. तेवढा कुणाला तरी आणायला सांगा. पाचाला माझा फॉर्म बंद होतोय.’

दुभाष्या मुलीने क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं. मला तेवढं इंग्रजी कळतं. तिने सांगितलं की, ‘त्या म्हणतात, प्रत्येक स्त्रीच्या हातात साधन पोचलं पाहिजे, कारण संधीची दारं फार लवकर बंद होतात.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. परदेशी बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती, तिचे डोळे भरून आले होते. सूत्रधार म्हणाला की, हे वाक्य परिषदेच्या जाहीरनाम्यात घ्यायला हवं, आणि कुणीतरी ते लिहूनही घेतलं. लताला वाटलं, एवढ्या टाळ्या म्हणजे कुणीतरी नक्की फोन आणायला गेलं. तिने मंचावरून माझ्याकडे पाहून मान हलवली, झालं म्हणून.

मी तेव्हा उठायला हवं होतं. पहिल्या रांगेतली खुर्ची, शेजारी जिना, हातात बिल्ला. खाली जायला दोन मिनिटं, फोन हातात यायला दोन, नीलिमाला लावायला एक. मी उठलेही. सर बाजूला होते, त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, ‘मॅडम, पुढचा सत्कार तुमचाच. पाच मिनिटं.’ परत आत सोडणार नव्हते, हे मला माहीत होतं. अकरा वर्षांत मला कुणी मंचावर बोलावलं नव्हतं. मी बसले.

साडेतीनलाही मी वर आले ते त्याचसाठी. दुसरं कारण नाही.

सत्कार पाच वाजून सात मिनिटांनी झाला. शाल, श्रीफळ आणि एक काचेचा चौकोन, त्यावर पृथ्वीचा गोल. फोटो निघाले. फोटोत मी हसते आहे.

खाली पिशवीतून फोन काढला तेव्हा नीलिमाचे अकरा कॉल येऊन गेले होते. आमचा फोन येत नाही म्हणून तिने आपल्या मनाने तीनदा बटण दाबलं होतं. तीन ओटीपी एकाखाली एक आले होते आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य, कोणालाही सांगू नका. शेवटचा पाचला चार मिनिटं कमी असतानाचा होता. लताने माझ्या हातून फोन घेतला आणि तिन्ही वाचले. ‘आला होता की,’ एवढंच म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा हवापाण्याबद्दल बोलले. स्वारगेटला उतरताना तिने माझ्या खांद्यावरच्या शालीला हात लावून पाहिला. ‘चांगली आहे, ताई. मऊ आहे,’ ती म्हणाली आणि पर्वतीच्या दिशेने चालायला लागली. तिचं एक वर्ष गेलं होतं आणि तिच्याकडे दोनच होती.

मला त्या संध्याकाळी फार लाज वाटली. नंबर बदलायची ती दहा मिनिटं तीन वर्षांत मला मिळाली नाहीत, याचं खरं कारण गर्दी नव्हतं, दिवाळीही नव्हतं. ‘ताई, आला का?’ हे ऐकायची मला सवय लागली होती. माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे मला गोड लागत होतं. लोकांना त्या दरीपलीकडे पोचवायला नेमलेली मी, वाटेतच खुर्ची टाकून बसले होते. परिषदेत यावर एकही निबंध वाचला गेला नाही. वाचला असता तरी मी जेवणाच्या रांगेत असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः वसतिगृहात गेले. लता पोळपाटापासून उठून आली आणि तिने फोन पुढे केला. मी आमच्या दोघींचे फोन ओट्यावर ठेवले आणि नंबर बदलला. घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं लागली.

मग उरलेले बासष्ट. माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. मी यादी काढली आणि एकेकाला बोलवायला लागले. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते धावत आले.

‘मॅडम, हे काय चालवलंय? ज्यांच्याकडे अजून फोन नाही, त्यांचं काय करणार?’

‘रकाना रिकामा करायची सोय आलीय आता. रिकामा ठेवणार.’

‘टक्केवारी खाली येईल.’

‘येऊ दे.’

‘जाहीरनाम्यात आपलं नाव आहे हो.’

‘माझा फोटोपण आहे,’ मी म्हटलं. ‘हसरा.’

एकोणीस जणांकडे खरोखरच फोन नव्हता. कुणी शेजारणीचा नंबर दिला, कुणी जावयाचा, पण तो त्यांनी ठरवून दिला. काहींचा रकाना रिकामा राहिला. दोन माणसं या जगात नव्हती. त्यांची खाती मात्र चालू होती आणि दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छांचा संदेश माझ्या फोनवर येत होता. एक झाडूवाल्या सखूबाईंचा होता. त्यांच्या सुनेला तो मी वाचून दाखवला, तर ती म्हणाली, ‘सासूबाईंना वाढदिवस होता हेच आम्हाला माहीत नव्हतं.’ ती खाती बंद करायला त्यांच्याच नंबरावर ओटीपी आला. तोही मीच दिला. त्या मृत माणसांनी मला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं.

वरून पत्र आलं. आपल्या क्षेत्रात डिजिटल दरी वाढल्याचे दिसून येते, कारणे दाखवा. मी कारण लिहिलं, ‘मोजणी खरी केली.’ छापून प्रत काढली आणि खाली लिमयेकाकूंसाठी केलेला जांभळा शिक्का मारला. त्याला उत्तर आलं नाही. माझ्या निरोपसमारंभाला सर आले नाहीत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दरी वाढवून निवृत्त झालेली मी एकटीच असेन, आणि खरं सांगायचं तर या नोकरीत मला अभिमान वाटावा असं काम ते एवढंच.

घरी आल्यावर फोन गप्प झाला. पहिले काही दिवस मला वाटायचं की बिघडला. आमचे हे दुसऱ्या खोलीतून मला फोन लावून खात्री करून द्यायचे.

यंदा गणपती झाल्यावर दहावीचे फॉर्म सुरू झाल्याचं पेपरात वाचलं. लताची ही शेवटची संधी. मी फोन घेऊन बसले. स्वतःला सांगितलं की, तिला काही अडलं तर ती विचारेलच. एक दिवस गेला, चार गेले. आठव्या दिवशी राहवेना, म्हणून उठून वसतिगृहात गेले.

दुपारची वेळ होती. मोठ्या तव्यावर तीन पोळ्या एका वेळी फुगत होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात, पिठापासून लांब, प्लास्टिकच्या पिशवीत तिचा फोन आणि त्याखाली विज्ञानाचं पुस्तक.

‘लता, फॉर्म सुटलेत. पाहिलंस का?’

‘भरला की. पहिल्याच दिवशी.’

‘कुणी भरून दिला?’

‘मीच. दाखला होताच, फोटो होता. ओटीपी आला, टाकला. झालं.’ तिने पोळी उलटली.

‘मग मला कळवलं नाहीस?’

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरोखरच प्रश्न पडला होता. ‘तुमचं काय काम होतं त्यात?’

मी म्हटलं, काही नाही.

‘बसा मग. गरम पोळी खाऊन जा,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून पुढचा गोळा घेतला. मी बसले. पोळी तूप लावून वाढली होती. ती मी सावकाश खाल्ली. बाहेर रस्त्यावर आल्यावर सवयीने पर्समधून फोन काढून पाहिला. त्यावर काही आलेलं नव्हतं.